विश्लेषण : अंगणातला सॉकेट दर पावसाळ्यात का बिघडतो? रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत टिकणारा सॉकेट कसा निवडावा?

२०२५ मध्ये मोसमी पावसाने कोकणवासीयांना आगोटीची उसंतच दिली नाही. एरवी मृग नक्षत्राच्या सुमारास येणारा पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत दाखल झाला. लाकूडफाटा भरणे, कौले शाकारणे, पडवीला प्लास्टिक लावणे ही कामे अनेक घरांत अर्धवट राहिली. या यादीत एक काम तर बहुतेकदा नसतेच, ते म्हणजे घराबाहेरच्या विजेच्या जोडण्या तपासणे. विहिरीवरचा पंप, मागल्या दारचे वॉशिंग मशीन, अंगणात उभी असलेली विजेवरची स्कूटर, पर्यटकांसाठी काढलेल्या खोल्यांबाहेरचे दिवे या सगळ्यांना वीज देणारा सॉकेट बऱ्याच ठिकाणी घरातल्यासारखाच असतो. फार तर त्यावर एक प्लास्टिकचे झाकण असते. एक-दोन पावसाळ्यांत त्यात ठिणगी पडू लागते, मग पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि 'पावसात असं होतंच' म्हणून तो प्रकार सोडून दिला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात विजेच्या धक्क्याने साडेबारा हजारांच्या आसपास लोकांचा मृत्यू झाला. झिणझिण्या आणि मृत्यू यांत अनेकदा फक्त ओल्या पायांचा फरक असतो.

रत्नागिरीत सॉकेट लवकर का खराब होतात?

पाऊस हे उघड कारण आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांश चार महिन्यांत कोसळतो. पण केवळ पावसाला दोष देणे अर्धवट ठरेल. खरा शत्रू बारमाही आहे, तो म्हणजे खारी हवा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर, स्क्रूंवर आणि प्लास्टिकवर बसतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे पावसाचा थेंबही आत न जाता सॉकेटमध्ये पाण्याचा अतिशय पातळ, खारट थर तयार होतो. शुद्ध पाण्यापेक्षा खारे पाणी वीज कितीतरी चांगली वाहून नेते. या थरातून फेजकडून अर्थिंगकडे थोडा थोडा करंट गळत राहतो, प्लास्टिकच्या पृष्ठभागावर काळ्या रेषा उमटतात, आणि एक दिवस तिथेच ठिणगी पेटते.

दुसरी क्रिया धातूवर होते. पितळ आणि तांबे हिरवट पडते, लोखंडी स्प्रिंग गंजते, प्लगच्या पिनेवरची पकड सैल होते. सैल आणि गंजलेल्या जोडावर रोध वाढतो. हा रोध समजा ०.१ ओहम झाला. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो. पण विजेवरच्या मोटारीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरपर्यंत करंट घेतो. करंटच्या वर्गाला रोधाने गुणले की त्या एका जोडावर साडेबावीस वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले छोटे सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचे असते. म्हणजे बंद पेटीत, प्लास्टिकला चिकटून, रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखेच हे झाले. प्लगच्या पिनांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

तिसरे कारण ऊन. एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हाने स्वस्त प्लास्टिक पिवळे आणि ठिसूळ होते. झाकणाची बिजागरी तुटते आणि पाऊस सुरू होईपर्यंत ते झाकण लोंबत असते.

'आयपी ६५' या आकड्याचा अर्थ काय?

'वॉटरप्रूफ' किंवा 'वेदरप्रूफ' हे खोक्यावरचे शब्द जाहिरातीचे आहेत. त्यांना मोजमाप नाही. मोजमाप आहे ते 'आयपी' या दोन अक्षरांपुढच्या दोन आकड्यांना. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांची व्याख्या आहे आणि भारतीय मानक ब्युरोनेही ते स्वीकारले आहे. पहिला आकडा धूळ, तारा, बोटे अशा घन वस्तूंपासूनचे संरक्षण सांगतो. ४ म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड वस्तू आत जाणार नाही, ५ म्हणजे धूळ गेली तरी कामात अडथळा आणण्याइतकी जाणार नाही, ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, त्याची चाचणी ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारून करतात. ६ साठी तोटी साडेबारा मिलिमीटरची आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी आत अपायकारक प्रमाणात पाणी जात नाही.

इथे दोन गैरसमज होतात. पहिला, आकडा मोठा तितके चांगले. ७ हा आकडा बुडवण्याच्या चाचणीचा आहे, त्यामुळे ती वस्तू ५ किंवा ६ ची फवाऱ्याची चाचणी आपोआप उत्तीर्ण झाली असे मानक मानत नाही. दोन्ही चाचण्या झाल्या असतील तर वस्तूवर दोन्ही आकडे छापतात. दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. आयपीची चाचणी नव्या वस्तूवर, गोड्या पाण्याने आणि काही मिनिटे होते. ऊन, मीठ आणि वर्षे यांचा त्यात विचार नाही. मिठाच्या धुक्याची चाचणी वेगळी असते, तिचे मानकही वेगळे आहे, आणि घरगुती वापराच्या फार थोड्या सॉकेटच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख असतो. तो असेल तर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी त्याला आयपीच्या आकड्याइतकेच वजन द्यावे.

मग किती आकडा पुरेसा? खोल पडवीत, जिथे थेट पाऊस येत नाही तिथे आयपी ४४ चालतो. उघड्या भिंतीवर किंवा झड येणाऱ्या जागी आयपी ५५ ही किमान पातळी धरावी, आणि समुद्राकडे तोंड असलेल्या भिंतीवर आयपी ६५ किंवा ६६. जून २०२० मधील 'निसर्ग' आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळाच्या वेळी पाऊस आडवा येत होता. अशा पावसात शिंतोडा आणि फवारा हा भेद उरत नाही.

प्लग लावल्यावर झाकण बंद होते का?

दुकानात सॉकेट हातात घेतल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हा आहे, आणि तो सहसा विचारला जात नाही. स्वस्त मालात स्प्रिंगचे झाकण असते. प्लग काढला की ते बंद होते आणि छापलेला आयपी आकडा त्या अवस्थेतला असतो. प्लग लावला की झाकण उघडेच. पण पंप किंवा चार्जर पावसात चालू असताना प्लग लावलेलाच असणार! म्हणजे संरक्षण हवे असते नेमके तेव्हाच ते नसते. यावर उपाय म्हणजे खोल झाकणाची पेटी. तिच्यात प्लग आत राहतो, खालच्या खाचेतून वायर बाहेर येते आणि झाकण लागते. माहितीपत्रकात 'प्लग लावलेला असताना' कोणता आयपी मिळतो ते वेगळे दिलेले असते. दिलेले नसेल तर तो आकडा प्लगविनाचा समजावा.

खरेदीला जाताना प्लग सोबत न्यावा. मोबाइलचा किंवा स्कूटरचा ठोकळ्यासारखा चार्जर बऱ्याच पेट्यांत मावत नाही. मग झाकण अर्धवट उघडे ठेवून वर पिशवी बांधली जाते. ही पिशवी निरुपयोगीच नव्हे तर अपायकारक आहे. आतली दमट हवा बाहेर पडत नाही, रात्री तिचे पाणी होते आणि ते प्लगवरच ठिबकते.

चुंबक घेऊन दुकानात का जावे?

बाहेरून सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात. फरक आत असतो. फ्रिजवर चिकटवायचे साधे चुंबक इथे उपयोगी पडते. सॉकेटच्या आतल्या, प्लगची पिन धरणाऱ्या पट्ट्या पितळी किंवा फॉस्फर ब्राँझच्या असाव्यात. त्यांना चुंबक चिकटत नाही. चिकटले तर वर पिवळा मुलामा दिलेले लोखंड आहे असे समजावे. पेटीच्या स्क्रूंना आणि झाकणाच्या स्प्रिंगला चुंबक जोरात चिकटले तर तेही जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड आहे, स्टेनलेस स्टील नव्हे. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार सर्रास मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत अधिक टिकते. अख्खी पेटी ३१६ च्या स्क्रूंसह मिळणे दुर्मीळ आहे, पण भिंतीत ठोकायचे चार स्क्रू वेगळे घेता येतात आणि त्याचा खर्च चहाच्या दोन कपांइतका आहे.

प्लास्टिकमध्ये अतिनील किरणांना तोंड देणारे पॉलिकार्बोनेट चांगले. एबीएस प्लास्टिक स्वस्त आणि चकचकीत असते, पण उघड्या उन्हात लवकर ठिसूळ होते. झाकणाच्या कडेची पट्टी रबराची किंवा सिलिकॉनची, खाचेत घट्ट बसलेली हवी. नुसती चिकटवलेली फोमची पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात सुटते. आघात सोसण्याची क्षमता 'आयके' या आकड्याने दाखवतात. आयके ०८ म्हणजे पाच जूलचा फटका. नारळाच्या झाडाखाली सॉकेट लावणाऱ्यांना मात्र कोणताच आकडा पुरणार नाही.

घरगुती प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्हाच्या वर हा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि तो चालू आहे का हे जागेवरच कळते. बाहेरची पेटी आणि आतला सॉकेट वेगवेगळे विकले जातात, तेव्हा चिन्ह सॉकेटवर आहे का ते पाहावे. पेटी भक्कम आणि आत बिनचिन्हाचा सॉकेट असा प्रकार सर्रास दिसतो. तीन-चार देशांचे प्लग एकाच भोकांत बसवणारे 'युनिव्हर्सल' सॉकेट तर घराबाहेर नकोच. सगळ्यांना सामावून घेताना ते कोणालाच घट्ट धरत नाहीत.

कोणत्या कामाला कोणता सॉकेट?

विहिरीवरचा किंवा बागेतला पंप कायम त्याच जागी असतो. त्याला घरगुती सॉकेटपेक्षा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट अधिक योग्य. निळ्या रंगाचा, गोल, जाड पिनांचा हा प्रकार कारखान्यांत आणि मोठ्या मंडपांत दिसतो. आयईसी ६०३०९ या मानकानुसार सिंगल फेजचा रंग निळा आणि थ्री फेजचा लाल असतो. तो आयपी ४४ आणि आयपी ६७ अशा दोन प्रकारांत मिळतो. दुसऱ्यात प्लग आत घालून कडे फिरवले की जोड घट्ट आवळला जातो. त्यामुळे प्लग लावलेला असतानाही संरक्षण कायम राहते. अडचण एकच, घरगुती प्लग त्यात बसत नाही. पंपाच्या वायरीचा प्लग बदलावा लागतो. पण एकदाच.

विजेवरच्या स्कूटरला किंवा मोटारीला हा उपाय चालत नाही. चार्जरचा प्लग कापला तर वॉरंटी जाऊ शकते. तिथे १६ अँपिअरचा आयएसआय सॉकेट, खोल झाकणाची पेटी, घरातल्या मुख्य बोर्डापासून थेट आलेली स्वतंत्र वायर आणि तिला स्वतंत्र एमसीबी असावा. अंगणातल्या दिव्याच्या पॉइंटवरून वायर ओढून लावलेला सॉकेट रात्रभराच्या चार्जिंगसाठी नसतो. पहिल्या चार-पाच वेळा तासाभराने प्लग काढून हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तो सॉकेट बदलण्याच्या लायकीचा आहे.

गणेशोत्सवात घरोघरी आणि मंडळांत तात्पुरती जोडणी होते, आणि कोकणात गणपती येतो तो ऐन पावसात. तिथे बिघडतो तो सॉकेट नव्हे, वायरीचा जोड. दोन वायरी पिळून, वर टेप गुंडाळून तो जोड ओल्या जमिनीवर सोडलेला असतो. महावितरण दरवर्षी मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी घेण्याचे आवाहन करते. ती घेतल्यावरही एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीपासून उंच टांगणे आणि जोडाऐवजी सलग वायर वापरणे हे काम मंडळालाच करावे लागते.

जांभ्याच्या भिंतीत काय अडचण आहे?

सॉकेट कितीही चांगला घेतला तरी तो बसवला जातो चिऱ्याच्या भिंतीवर. जांभा दगड सच्छिद्र आणि खडबडीत असतो. बाहेरून गिलावा नसलेल्या भिंतीवर पेटीची मागची कड सपाट बसत नाही. वरून ओघळणारे पाणी या फटींतून पेटीच्या मागे जाते. परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकातली भिंत गुळगुळीत असते, गावातली नसते. त्यामुळे पेटीच्या आकारापेक्षा थोडा मोठा सिमेंटचा गुळगुळीत पट्टा आधी करून घ्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग पेटी बसवावी. कडेला सीलंट लावताना वरची आणि दोन्ही बाजूंची कड भरावी, खालची मोकळी ठेवावी. चारही बाजूंनी भरली तर मागे शिरलेल्या पाण्याला वाटच राहत नाही. सीलंट घेताना व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार टाळावा. त्यातून सुटणारे ॲसिड तांब्याला खाते. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेला घ्यावा.

वायर पेटीत नेहमी खालून जावी. वरून किंवा भिंतीच्या आतून येणारा पाइप पाण्याची पन्हळ बनतो आणि सारे पाणी सॉकेटमध्ये आणून सोडतो. वायर खालून नेतानाही आधी तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. पेटीच्या तळाला कंपनीने दिलेले निचऱ्याचे छिद्र असते. 'पाणी जाईल' म्हणून ते बुजवू नये. ऊन पडले की पेटीतली हवा तापून बाहेर जाते, सर आली की ती आकसते आणि आजूबाजूची ओल आत ओढते. हा श्वासोच्छ्वास कोणतीही रबरी पट्टी पूर्ण थांबवू शकत नाही. आत गेलेले पाणी बाहेर पडायला ते छिद्र हवेच. मात्र कुंभारीण माशी तेच छिद्र मातीने लिंपते आणि लाल मुंग्या आत घर करतात, म्हणून आगोटीच्या वेळी ते काडीने साफ करावे, अर्थात आधी मेन स्विच बंद करून.

जागाही महत्त्वाची. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्यामुळे घराच्या पूर्वेकडच्या भिंतीवरचा मध्यम प्रतीचा सॉकेट पश्चिमेकडच्या महागड्या सॉकेटपेक्षा जास्त टिकू शकतो. पागोळीच्या रेषेत सॉकेट असू नये. जमिनीवर आदळणाऱ्या पागोळ्यांचे शिंतोडे गुडघ्याच्या वर उडतात, म्हणून तो कमरेच्या उंचीवर तरी हवा. आणि शक्य असेल तिथे सॉकेट बाहेर लावूच नये. भिंतीच्या आत, दाराजवळ सॉकेट आणि पंपापर्यंत पाइपातून गेलेली कायमची वायर, हा पर्याय सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ आहे. वायरमन तो सुचवत नाहीत कारण कोणी विचारत नाही.

एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

इतके सगळे करूनही सॉकेटमध्ये कधी ना कधी ओल जाणार. तेव्हा माणूस वाचतो तो सॉकेटमुळे नव्हे. 'आमच्याकडे एमसीबी आहे' हे उत्तर घराघरांत मिळते. पण एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. ओल्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर करंट जाईल. हृदयाची लय बिघडायला तो पुरेसा आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र हा करंट रात्रीच्या छोट्या दिव्याइतका वाटतो. तो पडणार नाही.

अर्थिंग असेल तर? बहुतेक घरगुती जोडणीत महावितरणकडून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थिंग ग्राहकाने करायचे असते. रत्नागिरीचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यात वीज सहजासहजी मुरत नाही, आणि मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असताना तर नाहीच. समजा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. पंपाची वायर आत घासून फेज लोखंडी बॉडीला लागली, तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर होईल. १६ अँपिअरचा एमसीबी तरीही पडत नाही. पंप चालत राहतो, त्याची बॉडी जिवंत राहते आणि शेजारी कपडे धुणारीला त्याची कल्पनाही नसते. मीठ-कोळसा घालून खड्डा नवा केला, त्यात पाणी ओतले, तरी कातळात हा रोध एमसीबी पडण्याइतका कमी होईल याची खात्री नाही.

ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. गावाकडे अजूनही त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत तोलत असतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुठेतरी भलत्या वाटेने जमिनीत गेला, की तो सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेळात पुरवठा तोडतो. फरक पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हीच मर्यादा आहे. वरच्या उदाहरणातला २० ओहमचा 'वाईट' खड्डा आरसीसीबीला पुरून उरतो. चार्जर आणि इन्व्हर्टर तंत्राच्या वॉशिंग मशीनसाठी 'टाइप ए' आरसीसीबी घ्यावा, कारण जुन्या 'टाइप एसी'ला त्यांचा विशिष्ट प्रकारचा गळतीचा करंट नीट ओळखता येत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला आणि जमिनीत काहीच गेले नाही, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही. ती त्याची मर्यादा आहे.

तरीही अनेक घरांत हे उपकरण बोर्डात असते आणि जोडलेले नसते. पावसात ते सारखे पडते, फ्रिज बंद होतो, टीव्ही बंद होतो, मग वायरमनला बोलावून 'बायपास' केले जाते. पडणे हा त्याचा बिघाड नसतो. बाहेरच्या कुठल्यातरी पॉइंटमध्ये ओल गेल्याचे ते सांगत असते. यावर इलाज म्हणजे घराबाहेरच्या सगळ्या जोडण्यांना एक वेगळा आरसीसीबी देणे. मग अंगणातला दोष अंगणापुरता राहतो आणि घरातला फ्रिज चालू राहतो. त्यासाठी बाहेरच्या सर्किटचा न्यूट्रलही वेगळा हवा. जुन्या घरांत न्यूट्रल एकमेकांत जोडलेले असतात, आणि काही दोष नसतानाही आरसीसीबी पडतो त्याचे मोठे कारण हेच.

खर्च किती?

भाव कंपनी आणि सवलतीनुसार बदलतात, ढोबळ अंदाज मात्र बांधता येतो. आयएसआय चिन्हाचा १६ अँपिअर सॉकेट, स्विच आणि साधी पेटी तीनशे ते पाचशे रुपयांत येते. खोल झाकणाच्या वेदरप्रूफ पेटीसाठी त्यावर आणखी तीनशे ते सातशे. इंडस्ट्रियल प्लग-सॉकेटची जोडी आयपी ४४ मध्ये साधारण पाचशे ते हजारांत, आयपी ६७ मध्ये हजाराच्या पुढे. दोन पोलचा ३० मिलिअँपिअर आरसीसीबी दीड ते अडीच हजार रुपयांचा. परदेशी बनावटीचे आयपी ६६ सॉकेट याहून बरेच महाग असतात, आणि घरगुती वापरासाठी त्यांची गरज क्वचितच पडते.

हातात तीन हजार रुपये असतील तर ते सगळे सॉकेटवर घालवणे चुकीचे ठरेल. आधी आरसीसीबी, मग सॉकेटची जागा, मग पेटी, आणि सगळ्यांत शेवटी आयपीचा मोठा आकडा, असा क्रम असावा. तीन सॉकेट असतील तर एकच आरसीसीबी तिघांनाही पुरतो. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याच्याकडून अर्थिंगचा रोध मोजून आकडा लिहून घ्यावा. मोजण्याचे यंत्र त्याच्याकडे नसेल, तर ते ज्याच्याकडे आहे असा माणूस शोधावा.

पुराचे पाणी गेलेला सॉकेट पुन्हा वापरता येतो का?

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये घरोघरी हा प्रश्न होता. उन्हात वाळवलेला सॉकेट चालू होतो, म्हणून तो ठीक आहे असे वाटते. पण पुराच्या पाण्यात गाळ असतो, शहरातून आलेले सांडपाणी आणि तेल असते. ते पट्ट्यांच्या मागे आणि स्प्रिंगच्या खाचांत बसते, कापडाने पुसून निघत नाही. बुडालेले सॉकेट, स्विच, एमसीबी आणि आरसीसीबी बदलावेच लागतात. पाइपातल्या वायरी टिकल्या आहेत का, हे इन्शुलेशनची चाचणी केल्याशिवाय कळत नाही. आयपी ६७ चा सॉकेटही त्याला अपवाद नाही, कारण त्याची चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि चिपळूणमध्ये पाणी त्याहून कितीतरी जास्त वेळ होते. वाशिष्ठीच्या काठच्या घरांत नवी वायरिंग करताना सॉकेट २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घेता येत असतील तर घ्यावेत. तळमजला पूर्ण बुडाला असेल, तर निदान त्याचे सर्किट वरच्या मजल्यापासून वेगळे करावे आणि त्याचा स्विच वर ठेवावा, म्हणजे पाणी चढू लागले की खालची वीज खाली न उतरता तोडता येते.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले छोटे बटण असते. ते दाबल्यावर पुरवठा तुटला पाहिजे. महिन्यातून एकदा, आणि पहिल्या सरीच्या आधी तर नक्कीच, हे बटण दाबून पाहावे. वीज गेली नाही तर त्या दिवशी पंप लावू नये.